रिपोर्ट नॉर्मल आहेत, मग मला होतंय ते काय?

समुपदेशनासाठी येणाऱ्यांत काही जण स्वतःहून आलेले नसतात, त्यांना पाठवलेलं असतं. रक्त, लघवी, सोनोग्राफी, ईसीजी, कधी एमआरआयसुद्धा, सगळं करून झालेलं असतं आणि शेवटी कुणीतरी डॉक्टर म्हणालेले असतात, "रिपोर्टमध्ये काही नाही. एकदा काउन्सेलरला भेटून या." डॉक्टर हे चांगल्या हेतूनंही म्हणत असतील, पण ऐकणाऱ्याला त्यातून एकच कळतं: माझ्यावर यांचा विश्वास नाही.

ज्यांच्याबद्दल आज लिहिते आहे त्या चाळिशीच्या आसपासच्या, शाळेत शिकवणाऱ्या. (त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) समोर बसल्या बसल्या म्हणाल्या, "मॅडम, आधीच सांगते, मला डिप्रेशन नाही. मला बरं नसतं म्हणून मला वाईट वाटतं. वाईट वाटतं म्हणून बरं नसतं असं नाही."

इतक्या नेमक्या शब्दांत हे फार कमी जणांना सांगता येतं. मी त्यांना म्हटलं, "तुमचा त्रास खरा आहे की नाही हे ठरवायला मी बसलेले नाही. तो खरा आहे असं धरूनच आपण बोलू. मला सांगा, तो नेमका कसा असतो?"

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, कुठे दुखतं हे सगळ्यांनी विचारलं, कसं असतं हे बऱ्याच दिवसांत कुणी विचारलं नव्हतं. एका तापाच्या आजारानंतर त्यांचं अंग पुन्हा पूर्वीसारखं झालंच नव्हतं. सकाळी उठल्यावरही झोप झाल्यासारखं वाटायचं नाही. खांदे आणि मांड्या ठणकायच्या. फळ्यासमोर उभं राहिलं की छाती धडधडायची, डोळ्यांपुढची अक्षरं पुसट व्हायची, पुढचा शब्द आठवायचा नाही. वर्गात मुलांना कळू नये म्हणून त्यांनी एक युक्ती केली होती. वही तपासायच्या निमित्तानं टेबलाच्या कडेला टेकायचं आणि डाव्या हातानं कड घट्ट धरून ठेवायची. तीन वर्षं त्या असं शिकवत होत्या.

आता मुख्य काळजीबद्दल, कारण ती फक्त त्यांची नाही. 'सगळं नॉर्मल आहे, म्हणजे मला काही झालेलंच नाही का? की मला वेड लागतंय?' हा प्रश्न मला वेगवेगळ्या तोंडून सतत ऐकायला मिळतो.

तपासणी तिला विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर देते. थायरॉइडची तपासणी थायरॉइडबद्दल सांगेल, उभं राहिल्यावर नाडीचं काय होतं ते सांगणार नाही. झोपून काढलेला ईसीजी त्या काही सेकंदांपुरता बोलतो. शिवाय प्रयोगशाळेच्या कागदावर जी 'नॉर्मल' मर्यादा छापलेली असते, ती साधारणपणे निरोगी माणसांपैकी ९५ टक्के ज्यात बसतात ती मर्यादा असते. म्हणजे धडधाकट माणसांपैकी ५ टक्के तिच्या बाहेर पडणारच. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० तपासण्या एकदम केल्या, तर पूर्ण निरोगी माणसाचाही निदान एक आकडा चुकायची शक्यता ६४ टक्क्यांच्या घरात जाते. त्यामुळे 'आणखी एक तपासणी करून बघू' हे दर वेळी पुढे नेतंच असं नाही. एखादा आकडा जरा इकडेतिकडे होतो, त्याच्या मागे दोन महिने धावपळ होते, आणि मूळ दुखणं आहे तिथेच राहतं.

वैद्यकाच्या इतिहासातला एक दाखला मी आवर्जून देते. पोटातला अल्सर काळजीमुळे आणि जास्तीच्या आम्लामुळे होतो असं कित्येक वर्षं मानलं जात होतं. अनेक रुग्णांना 'टेन्शन घेऊ नका' हाच सल्ला मिळायचा. ऑस्ट्रेलियातल्या रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी १९८०च्या दशकात दाखवून दिलं की बहुतेक अल्सरच्या मुळाशी हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जिवाणू असतो. २००५ साली त्यांना नोबेल मिळालं. तो जिवाणू त्या आधीही लोकांच्या पोटात होताच. सापडला नव्हता, एवढंच. एंडोमेट्रिऑसिसचंही तसंच; त्यात गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढतो. प्रजननक्षम वयातल्या साधारण १० टक्के स्त्रियांना हा आजार असतो, तरी निदान व्हायला वर्षानुवर्षं लागतात, कारण 'पाळीत दुखायचंच' असं म्हणून तो अंगावर काढला जातो.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे आणि ती मी त्यांच्यापासून लपवली नाही. काही दुखण्यांमध्ये कुठलाच अवयव बिघडलेला सापडत नाही, कारण बिघाड वेदनेचे संदेश वाहून नेणाऱ्या यंत्रणेतच असतो. एकदा चोर येऊन गेला की राखणीचा कुत्रा पाचोळ्याच्या सळसळीवरही भुंकायला लागतो, तशी मज्जासंस्था एखाद्या आजारानंतर किंवा इजेनंतर अतिसावध होऊन बसते. साध्या स्पर्शाला, साध्या श्रमालाही ती वेदनेनं उत्तर देते. फायब्रोमायल्जियात, म्हणजे अंगभर दीर्घकाळ दुखत राहणाऱ्या आजारात, हेच घडत असावं असं मानतात. हे दुखणं एमआरआयवर दिसत नाही, पण ते कल्पनेतलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात अशा दीर्घकालीन वेदनेला स्वतःचं स्वतंत्र स्थान दिलेलं आहे. मानसिक आजारांच्या अमेरिकी नियमावलीनंही २०१३ साली बदल केला: नुसतं कारण सापडलं नाही एवढ्यावरून शारीरिक लक्षणांना मानसिक ठरवायचं नाही.

हे ऐकून त्या रडल्या. मग विचारलं, "मग मी शोधायचं की सोडून द्यायचं?"

माझं मत इथे ठाम आहे. शोध सोडायचा नाही, पण जगणं त्याच्यावर अडवूनही ठेवायचं नाही. त्यांनी नेमकं तेच केलं होतं. मैत्रिणीकडे जाणं, गाण्याचा रियाज, वरच्या वर्गाची जबाबदारी, सगळ्याला एकच उत्तर, 'एकदा काय झालंय ते कळू दे.' रात्री घरातले झोपले की फोनवर आजार वाचत बसायच्या. प्रत्येक नवं नाव आपल्याला लागू पडतंय असं वाटायचं आणि झोप आणखी उडायची.

पहिली गोष्ट ठरली ती अशी की सगळ्या तज्ज्ञांचे कागद एकाच डॉक्टरांकडे राहतील. त्यांच्या जुन्या फॅमिली डॉक्टरांनी ते मान्य केलं. दर वेळी नवा डॉक्टर, नवा केसपेपर, पहिल्यापासून तीच कहाणी, यात कुणाकडेच पूर्ण चित्र राहत नाही. दुसरं, जाडजूड फाइलऐवजी एका पानाचा गोषवारा: त्रास कधी सुरू झाला, त्याआधी काय झालं होतं, सगळ्यात जास्त अडवणारी तीन लक्षणं कोणती, कशानं वाढतात, कशानं कमी होतात, कोणत्या तपासण्या झाल्या, कोणती औषधं घेतली. हे पान लिहायला आम्हाला एक अख्खी बैठक लागली, कारण त्यांना प्रत्येक गोष्ट महत्त्वाची वाटत होती, आणि इतकी वर्षं कुणी ऐकून घेतलं नसेल तर तसं वाटणारच. आजारांबद्दलचं वाचन बंद करायला मी सांगितलं नाही. फक्त ते दिवसाउजेडी करायचं आणि त्यातून आलेला प्रश्न डॉक्टरांसाठीच्या वहीत लिहून ठेवायचा, असं ठरवलं.

त्या वहीत रोजच्या दोन-तीन ओळीही त्या लिहायच्या, दिवसभरात काय केलं आणि कसं वाटलं. काही आठवड्यांनी ती वही चाळताना दोन गोष्टी डोळ्यांत भरल्या. जरा बरं वाटलेल्या दिवशी त्या साठलेली सगळी कामं उरकायच्या आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंथरुणाला खिळायच्या. त्यांना ते विनाकारण वाटायचं, कारण मधला एक दिवस धड जायचा. आणि धडधड, अंधारी, शब्द न आठवणं हे जवळपास दर वेळी उभं असतानाच व्हायचं.

मी डॉक्टर नाही, त्यामुळे याचा अर्थ लावणं माझं काम नव्हतं. वहीतल्या या दोन गोष्टी त्या एका पानावर सगळ्यात वर लिहायच्या, एवढंच मी सुचवलं. फॅमिली डॉक्टरांनी त्यांना आडवं झोपवून नाडी मोजली, मग उभं करून १० मिनिटं मोजत राहिले. रक्तदाब खाली आला नाही, पण नाडी मिनिटाला ३०हून जास्त ठोक्यांनी वाढली. पुढे हृदयरोगतज्ज्ञांनी इतर कारणं तपासून दुखण्याच्या त्या भागाला पॉट्स, म्हणजे उभं राहिलं की नाडी प्रमाणाबाहेर वाढण्याचा आजार, हे नाव दिलं. महागडं यंत्र लागलं नाही, पण उभं राहिल्यावर काय होतं हे त्या आधी कुणी पाहिलंच नव्हतं.

नाव मिळाल्यावर त्यांना आनंद झाला, आणि मग आठवडाभर त्या फार खचल्या. हे मी अनेकदा पाहिलं आहे. नाव मिळेपर्यंत मनात एक आशा असते की ते कळलं की औषध मिळेल आणि पूर्वीची मी परत येईन. नाव आल्यावर कळतं की आजार तोच आहे आणि त्याच्याबरोबर राहायचं आहे. गमावलेल्या वर्षांचं दुःख तेव्हा वर येतं. त्याला घाईनं 'आता तरी कळलं ना' म्हणून गप्प करू नये. आम्ही दोन बैठका त्याच दुःखाला दिल्या. जगायचा कंटाळा आला आहे का, हेही मी त्यांना स्पष्ट शब्दांत विचारलं. दीर्घ दुखण्यात हा विचार येऊ शकतो आणि विचारल्यानं तो वाढत नाही. निराशा असेल तर तिच्यावर उपचार व्हायलाच हवेत. मात्र 'बघा, म्हणजे मूळ हेच होतं' असं म्हणून शरीराची फाइल बंद करू नये.

यजमानांबद्दल लिहायला हवं. घरात त्यांचं एक वाक्य फार लागायचं: "रिपोर्टमध्ये काही नाही ना, मग ऊठ." एका बैठकीला ते आले. बराच वेळ शांत बसून म्हणाले, "डॉक्टर काही नाही म्हणाले की मला सुटल्यासारखं होतं. ही आजारी आहे असं मानलं तर मी काय करू?" ज्या 'काही नाही'नं बायको दुखावत होती, त्याच शब्दांवर नवरा तग धरून होता. हे दोघांनी पहिल्यांदाच एकमेकांसमोर ऐकलं. त्यानंतर ते 'ऊठ'ऐवजी 'आज किती जमेल?' असं विचारायला लागले. रोज जमतं असं नाही, पण भांडणं कमी झाली आहेत.

दोन दिवस कोसळायला लावणाऱ्या थकव्याला अजून नाव मिळालेलं नाही. डॉक्टरांच्या मनात एमई, म्हणजे ज्याला क्रॉनिक फटिग सिंड्रोम म्हणतात, तो आहे. इथे नावाचा खरा उपयोग कळतो. फायब्रोमायल्जियात हळूहळू वाढवलेला व्यायाम अनेकांना मदत करतो, पण श्रमानंतर कोसळणाऱ्या या आजारात ठरलेल्या टप्प्यांनी व्यायाम वाढवत नेण्याचा उपचार देऊ नये, असं उपचारांबद्दल मार्गदर्शक सूचना देणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेनं २०२१ साली स्पष्ट केलं आहे. नाव पक्कं होईपर्यंत त्यांचा नियम एकच: बऱ्या दिवशीही ताकद संपायच्या आधी थांबायचं. त्या उंच स्टुलावर बसून शिकवतात आणि मुलांना कारण सांगितलेलं आहे. रियाज पंधरा मिनिटांचा आहे, आडवं होऊन.

असाच त्रास असणाऱ्या वाचकांना एक सांगते. कारण नसताना वजन उतरणं, रेंगाळणारा ताप, रात्री घामानं भिजणं, शौचातून रक्त जाणं, हातापायातली ताकद जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं, शुद्ध हरपणं, यांपैकी काहीही दिसलं तर 'आधीच सगळं तपासून झालंय' म्हणून थांबू नका, लगेच दाखवा. जुन्या दुखण्याच्या माणसाला नवं दुखणं होऊ शकतं आणि ते जुन्याच खात्यात टाकलं जातं. बाकी वेळी डॉक्टरांना 'मला काय झालंय?' एवढंच विचारू नका. आतापर्यंतच्या तपासण्यांनी कोणते आजार नक्की बाद झाले, कोणते अजून शक्य आहेत, नाव नसतानाही आजपासून कशावर उपचार करता येईल, आणि पुन्हा कधी भेटायचं, हे विचारा. 'सहा महिन्यांनी पुन्हा बघू' असं ठरलेली भेट आणि 'काही नाही, जा' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

त्यांची पुढची भेट ठरली आहे. हे चारही प्रश्न त्यांच्या वहीत लिहिलेले आहेत, आणि या वेळी आत यजमानही बरोबर जाणार आहेत.