पैसे वसूल करायला निघालेल्या मुलीस

प्रिय मावशी,

मी कोल्हापूरची. वय २१, आर्किटेक्चरचं चौथं वर्ष. सप्टेंबरपासून एका सेमिस्टरसाठी फ्लॉरेन्सला आले आहे. पप्पांनी एफडी मोडून पाठवलंय. घरच्या ग्रुपवर दर रविवारी फोटो टाकते. पिसा, व्हेनिस, रोम, सिएना झालं. "मज्जा आहे बाबा एकीची" असं सगळे लिहितात. खरं सांगायचं तर मला इथे अजिबात करमत नाही. घरात तीन इटालियन मुली आहेत. चांगल्या आहेत, पण त्यांचं बोलणं माझ्या डोक्यावरून जातं. एक-दोनदा त्यांनी जेवायला बोलावलं, पण दुसऱ्या दिवशी पहाटेची ट्रेन होती, आणि मी पूर्ण शाकाहारी, त्यांच्या जेवणात काय घातलेलं असतं कळत नाही. मी फोडणी केली तेव्हा एकीने उठून खिडकी उघडली. तेव्हापासून खोलीतच ब्रेड आणि फळं खाते. संध्याकाळी पाचला आईचा व्हिडिओ कॉल येतो. हसून बोलते, फोन ठेवला की रडते. जानेवारीत तोंडी परीक्षा आहे आणि मला चारचौघांत बोलायचं म्हटलं की घाम फुटतो. तिकीट फेब्रुवारीचं आहे. डिसेंबरमध्येच परत येऊ का? आणि आलेच, तर पप्पांना काय सांगू?

– न करमणारी

पोरी,

डिसेंबरमध्ये येऊ नकोस. उत्तर आधी दिलं, कारण पत्रभर तू त्याचीच वाट बघत बसली असतीस. परीक्षा न देता निघालीस तर क्रेडिट मिळणार नाहीत, सेमिस्टर वाया जाईल आणि इथे परत करावं लागेल. एफडी मोडलेल्या घराला हा दुहेरी फटका झाला. पण एक अपवाद सांगून ठेवते. झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, सकाळी उठवत नसेल, जिवाचं काही बरंवाईट करावं असे विचार येत असतील, तर माझं सगळं बाजूला ठेव. घरी लगेच सांग, युनिव्हर्सिटीच्या समुपदेशकाकडे जा, आणि वेळ आलीच तर ११२ फिरव. अशा वेळी परत येण्यात काहीही कमीपणा नाही. तुझ्या पत्रावरून मला तसं वाटत नाही. तू दमलेली आहेस, असं वाटतं.

कशाने दमलीस ते तू पत्रात सहज लिहून गेलीस. त्या मुलींनी जेवायला बोलावलं आणि तू गेली नाहीस, कारण पहाटेची ट्रेन होती. ती ट्रेन कशासाठी होती? रविवारच्या फोटोसाठी. तो फोटो कुणासाठी? पप्पांनी पैसे टाकलेत, तर त्याचं काहीतरी दिसायला हवं, म्हणून. आपल्या घरांत हे रक्तातच असतं. ट्रिपला गेलो की पाच पॉइंट बघायचे, सहावा राहिला तर हळहळायचं. तू परदेशी शिकायला गेलीस आणि दर शनिवार-रविवार वसुलीला निघालीस. पिसाचा मनोरा तुझ्याशी दोन शब्द बोलणार नव्हता. स्वयंपाकघरातल्या तिघी बोलणार होत्या. एकाच घरात राहणाऱ्या तीन मुलींना "नाही" म्हणून तू चार शहरं बघून आलीस, आणि आता लिहितेस की करमत नाही.

रागावत नाही. पण हिशेब असा आहे.

तेव्हा पहिलं काम, बाहेरगावच्या ट्रिपा बंद. निदान नाताळपर्यंत. फ्लॉरेन्स सोडून कुठे जायचं नाही. आर्किटेक्चरच्या मुलीला हे सांगावं लागतंय हेच नवल! तिथल्या कॅथेड्रलच्या ज्या घुमटाखालून तू रोज जात असशील तो ब्रुनेलेस्की या वास्तुकाराने १४२० ते १४३६ या काळात जमिनीवरून लाकडी आधार न उभारता चढवला. त्याचाच अनाथाश्रम, ओस्पेदाले देल्यी इनोचेंती, १४१९ ला सुरू झालेलं काम, चालत दहा मिनिटांवर आहे. त्याच्या कमानींच्या पायऱ्यांवर बसायला तिकीट लागत नाही. स्केचबुक घेऊन एकाच जागी तीन शनिवार बस. घुमटाजवळ ओब्लाते नावाचं सार्वजनिक ग्रंथालय आहे, जुन्या मठातलं. वरच्या मजल्यावर कॅफे आहे आणि समोर घुमट. अभ्यासाला रोज तिथे जा. पहिल्या आठवड्यात तुला कुणी विचारणार नाही. तिसऱ्या आठवड्यात शेजारच्या खुर्चीवरची मुलगी बॅग सांभाळायला सांगेल. ओळखी अशाच होतात, हळू आणि फालतू कारणांनी. सरकारी संग्रहालयं महिन्याच्या पहिल्या रविवारी फुकट असतात, त्यात उफित्सी हे चित्रांचं संग्रहालयही आलं. रांग लांब असते, पण वेळ तुझ्याकडे आहे, पैसे नाहीत.

कॉफीचंही तेच. घराखालचा एक बार धर (तिकडे कॉफीच्या दुकानालाच बार म्हणतात) आणि रोज तिथेच जा. उभ्याने पी, काउंटरवर. टेबलावर बसलं की तीच कॉफी महाग पडते, हे तुला कळलं असेलच. युरोला रुपयांनी गुणणं मात्र सोड. एका एस्प्रेसोत सव्वाशे-दीडशे रुपये गेले असं रोज मनात आणलंस तर कॉफी कडूच लागणार. महिन्याचं बजेट युरोत ठरव, त्यात रोजची एक कॉफी धर, आणि तेवढ्यापुरतं रुपयाला विसर.

आता खिडकी. कोल्हापूरचा कांदा-लसूण मसाला फोडणीला पडला की खिडकी तुझी आईही उघडते. शेजारच्या काकू तर शिंकतसुद्धा असतील. त्या मुलीने नाक मुरडलं, तोंडावर काही बोलली, असं तू लिहिलेलं नाहीस. फक्त खिडकी उघडली. त्यावर तू स्वयंपाकघरच सोडून दिलंस! महिनाभर ब्रेड आणि फळं खाऊन कुणाचाही जीव उदास होईल. त्यात तिथला तोस्कानी ब्रेड बिनमिठाचा.

रविवारी पिठलं कर. सुपरमार्केटात "फारीना दी चेची" माग, म्हणजे काबुली चण्याचं पीठ, आपल्या बेसनाच्या जवळचं. त्याची ते "चेचिना" करतात, आपल्या धिरड्याची जाड बहीण. त्यामुळे पिठलं त्यांना तसं परकं वाटायचं नाही. करताना आधीच सांग की ठसका लागेल, खिडकी उघडूया, आणि तूच उठून उघड. तिघींना बसव. बोलायला विषय नसेल तर त्यांना त्यांच्या आजीच्या स्वयंपाकाबद्दल विचार आणि मग फक्त ऐक, शब्द आपोआप कानात बसतील. मसाला त्यांच्या ताटात चिमूटभरच घाल, हां.

त्या पुन्हा बोलावतील तेव्हा जा. "सोनो वेजेतारियाना", म्हणजे मी शाकाहारी आहे, एवढं आधी सांगायचं. तरी विचारून घे, कारण सूपमध्ये मांसाचा रस्सा असू शकतो, आणि प्रोशुत्तोला, म्हणजे डुकराच्या खारवलेल्या मांसाला, कुणीकुणी मांसात धरतच नाही. पार्मेझान चीजमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट असतं, दूध साकळवायला घालतात ते. ते चालतं की नाही हे तुझं तू ठरव, तिथली बरीच शाकाहारी माणसं ते खातात. रिबोलिता आणि पाप्पा आल पोमोदोरो हे दोन पदार्थ शिळ्या ब्रेडचे, आपल्या फोडणीच्या पोळीच्या जातीचे. ते शिकून घे. सांताम्ब्रोजोच्या मंडईत भाजी घे. लाम्प्रेदोत्तोच्या गाडीवर मात्र वास कितीही छान आला तरी थांबू नकोस. ते गाईचं पोट असतं.

आईचा फोन संध्याकाळी पाचला येतो म्हणतेस. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं मागे गेली. साडेतीन तासांचा फरक साडेचार झाला, आणि तिथे आता पाचला अंधार पडतो. म्हणजे तू वर्गातून परत येतेस, दिवे लागतात, आणि नेमकं तेव्हा आई स्क्रीनवर येते. अगं, तिन्हीसांजेला घरचा आवाज ऐकला की लग्न होऊन तालुक्याला गेलेल्या बाईलाही भरून येतं. वेळ बदल. तुझे सकाळचे आठ म्हणजे आईचे साडेबारा, तिचा स्वयंपाक उरकलेला असतो. बोलून तू वर्गाला निघून जाशील, रडायला खोलीत कुणी उरणारच नाही. आणि रोज नको, एक दिवसाआड. मधल्या दिवशी व्हिडिओ न लावता आवाजाचा मेसेज पाठव. चेहरा हसरा ठेवायचा नसला की माणूस खरं बोलतो. संध्याकाळी पाचला बाहेर राहा. ओब्लातेत, बारमध्ये, कुठेही. खोलीत नको.

राहिली तोंडी परीक्षा. घाम फुटतो, फुटू दे. इटलीत ही परीक्षा उघड्यावर होते. प्रोफेसर एकेकाला बोलावतात, बाकीचे मागे बसून ऐकतात. तुझी पाळी यायच्या आधी जाऊन बस आणि चार जणांची ऐक. तिथली मुलंही थरथरतात, फक्त हात हलवत थरथरतात. मार्क ३० पैकी असतात, १८ ला पास. मिळालेले मार्क पसंत नसतील तर ते नाकारून पुढच्या तारखेला पुन्हा बसायची पद्धत आहे. पण प्रत्येक प्रोफेसरचं वेगळं असतं, आधी विचार, आणि पुढची तारीख तुझ्या तिकिटाच्या अलीकडे पडते का तेही बघून ठेव. पुष्कळदा पहिला प्रश्न "तुमच्या आवडीच्या विषयापासून सुरू करा" असाच असतो. म्हणजे पहिली पाच मिनिटं तुझ्या हातात. त्यासाठी तुला एक विषय देते, वर्गातल्या दुसऱ्या कुणाकडे नसेल असा.

पप्पांना माहीत असेल, तुलाही कदाचित असेल. कोल्हापूरचे राजाराम महाराज १८७० मध्ये इंग्लंडचा दौरा करून परत येताना फ्लॉरेन्समध्ये वारले. ३० नोव्हेंबरची गोष्ट, वय वीस. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती. अर्नो आणि मुन्योने या नद्या जिथे मिळतात तिथे त्यांचं दहन झालं. त्या जागी, काशिने बागेच्या पार पश्चिम टोकाला, १८७४ मध्ये त्यांच्या स्मारकाची छत्री उभी राहिली. आत महाराजांचा रंगवलेला अर्धपुतळा आहे. शेजारच्या पुलालाही फ्लॉरेन्सची माणसं "इंदियानो"चा, म्हणजे भारतीय माणसाचा, पूल म्हणतात. आणि आता तुझ्या कामाचं. त्या छत्रीचा आराखडा चार्ल्स मँट या इंग्रज वास्तुकाराचा. तुमच्या कोल्हापूरचा न्यू पॅलेस ज्याने केला, तोच. छत्री आधीची, पॅलेस नंतरचा.

(उदास मुलीला परदेशात वारलेल्या तरुण राजाची गोष्ट सांगणारी ही कसली मावशी, असं म्हणशील. म्हण. पण तू आर्किटेक्टही होणार आहेस.)

ट्रामने काशिनेला जा आणि बागेतून नदीकाठाने शेवटपर्यंत चाल, तासभर धर. टेप आणि स्केचबुक ने. खांब, घुमटी, दगडाची स्थिती, पुतळ्याचा रंग, सगळं टिपून घे. पॅलेसचे फोटो काढायला पप्पांना सांग. कमानी कुठल्या, छज्जे कुठले, एकाच माणसाने भारतीय वळण दोन ठिकाणी कसं कसं वापरलं, हे मांड. मग प्रोफेसरांच्या भेटायच्या ठरलेल्या वेळेत जाऊन विचार की परीक्षेत या विषयाने सुरुवात केली तर चालेल का. बहुतेक खूश होतील. नाहीच म्हणाले तरी तोंडओळख झाली, आणि जानेवारीत समोर अनोळखी माणूस बसलेला नसेल. तुझ्या कोल्हापूरबद्दल, तुझ्या विषयात, त्या खोलीत तुझ्याइतकं कुणालाच माहीत नसेल. असं बोलताना घाम जरा कमी येतो.

आता पप्पा. डिसेंबरमध्ये येत नाहीयेस, तरी सांगायला हवंच. दर रविवारच्या फोटोमुळे त्यांना वाटतंय की मुलगी मजेत आहे, आणि तुला वाटतंय की ते खूश राहायला हवेत. मोठं निवेदन नको. रडत नको, आईच्या पाठीमागूनही नको. फोन करून म्हण, "पप्पा, इथे येऊन मला फार एकटं वाटत होतं, तुम्हाला सांगितलं नव्हतं. आता ट्रिपा बंद करून इथेच अभ्यास करणार आहे. मला न्यू पॅलेसच्या पुढच्या बाजूचे फोटो हवेत, जवळून, खांबांचे वेगळे. रविवारी जाल का?" एफडीचा विषय त्यांनी काढला तर काढू दे, तू काढू नकोस. पप्पा लोकांना "काळजी करू नका" म्हटलं की ते रात्रभर जागतात. एखादं काम सांगितलं की झोपतात. ते बहुतेक शनिवारीच जातील, आणि गरजेपेक्षा चाळीस फोटो जास्त पाठवतील, त्यातले निम्मे अंगठा आलेले.

– मावशी