इमेज क्लासिफायरला फसवणारे फोटो आधीच ओळखता येतात का?

क्लासिफायरच्या (फोटोत काय आहे ते ओळखणाऱ्या मॉडेलच्या) पुढे डिटेक्टर, म्हणजे संशयास्पद फोटो हेरणारा प्रोग्राम, बसवून मुद्दाम बिघडवलेले फोटो दारातच अडवता येतील का, असं तुम्ही विचारलंय. येतात, पण समोरच्याला तुमचा डिटेक्टर माहीत नाही तोवरच.

2014 सालचं संशोधक गुडफेलो आणि सहकाऱ्यांचं पांडाचं उदाहरण तुम्ही पाहिलं असेलच. मूळ फोटोला मॉडेल 57.7 टक्के खात्रीने पांडा म्हणत होतं. पिक्सेल डोळ्याला कळणारही नाहीत इतके सरकवले, आणि ते 99.3 टक्के खात्रीने गिबन (एक माकडासारखा प्राणी) म्हणालं. त्यामुळे ‘कॉन्फिडन्स कमी आला की संशय घ्यायचा’ ही युक्ती इथेच निकालात निघते.

सुरुवातीला फीचर स्क्विझिंग, म्हणजे फोटोतला बारीक तपशील कमी करून तपासणं, करून बघा, एका दुपारचं काम आहे. एकच फोटो मॉडेलला तीनदा द्यायचा: जसाच्या तसा, रंगांचे बिट (म्हणजे छटांची संख्या) कमी करून, आणि मीडियन फिल्टर मारून (प्रत्येक पिक्सेलला शेजाऱ्यांची मधली किंमत देऊन). खऱ्या फोटोची तिन्ही उत्तरं जवळपास सारखी येतात, बिघडवलेल्याची फाकतात. किती फाकली की अडवायचं, तो थ्रेशोल्ड (मर्यादा) स्वच्छ फोटोंवरून ठरवा. मात्र चुकून अडवण्याचं प्रमाण 5 टक्के ठेवलंत, तर लाखामागे पाच हजार चांगले फोटो परत जातील. हा हिशोब रिपोर्टमध्ये सहसा कुणी लिहीत नाही!

खरी गोम पुढे आहे. 2017 मध्ये कार्लिनी आणि वॅग्नर या संशोधकांनी प्रसिद्ध झालेले दहा डिटेक्टर घेतले आणि दहाही चुकवून दाखवले. हल्लेखोराने डिटेक्टरची अट आपल्या लॉस फंक्शनमध्ये (हल्ला किती जमला ते मोजणाऱ्या सूत्रात) घातली की हल्ला क्लासिफायर आणि डिटेक्टर दोघांनाही एकदम फसवायला शिकतो. बिट कमी करताना राउंडिंग होतं, तिथे ग्रेडियंट (पिक्सेल कुठे सरकवायचे ते सांगणारा उतार) शून्य होतो आणि पीजीडी, म्हणजे त्या उताराने पायरी-पायरीने जाणारा हल्ला, अडखळतो. ते बघून खूश होऊ नका. बॅकवर्ड पासमध्ये (ग्रेडियंट काढताना) राउंडिंग नाहीच असं धरलं की वाट मोकळी होते. म्हणून तुमचा डिटेक्टर आधी तुम्हीच असा फोडून बघा आणि तोच आकडा खरा माना. नुसत्या एफजीएसएमवर (एकाच पायरीच्या साध्या हल्ल्यावर) आलेल्या आकड्याला मी तरी काडीची किंमत देत नाही.

रस्त्यावरच्या पाटीवर स्टिकर चिकटवून मॉडेलला फसवण्याचा प्रकार निराळा. तिथे बदल ठळक असतो, बिट कमी करून तो जात नाही.

मॉडेल एपीआयमागे असेल, म्हणजे लोक नेटवरून फोटो पाठवून फक्त उत्तर घेत असतील, तर मी फोटोपेक्षा लॉगवर (कुणी काय पाठवलं त्या नोंदींवर) जास्त लक्ष ठेवेन. आतलं काही न दिसता हल्ला करायचा तर बहुतेकदा जवळजवळ एकसारखे हजारो फोटो पाठवावे लागतात. एकाच खात्यावरून तशी रांग लागली की ते खातं थांबवा. मात्र खाती बदलून येणारा यातूनही निसटतो.