जॅकेट आखूड नाही, पॅन्टची कंबर खाली आहे

दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील धाटणीचे जॅकेट मागवले, छातीचे माप बरोबर असूनही ते आखूड दिसते, तर एक माप मोठे घ्यावे का, असे आपण विचारले आहे. घेऊ नये. खांदे उतरतील, बाह्या लोंबतील आणि लांबी मात्र जेमतेम अर्धा इंच वाढेल. दोष जॅकेटखालच्या पॅन्टमध्ये आहे.

त्या काळी पॅन्टची कमरपट्टी बेंबीपाशी बसत असे आणि जॅकेट कुठे संपावे हे तिच्यावरून ठरे. ब्रिटिश सैन्याच्या ‘बॅटलड्रेस’मध्ये, म्हणजे सर्ज या जाड लोकरी कापडाच्या आखूड जॅकेट-पॅन्टच्या गणवेशात, हे सर्वांत स्पष्ट दिसते: जॅकेट कमरेवर बकलाने आवळले जाई, आणि वाकल्यावर पाठीमागे फट पडू नये म्हणून त्याच्या आतील काजे पॅन्टच्या मागील बटणांना अडकवण्याची सोय होती. अमेरिकेचे १९४४ चे ‘आयझेनहॉवर जॅकेट’ याच कल्पनेवरून आले. माझे पहिले जॅकेट मीही परत पाठवण्यासाठी घडी घालून ठेवले होते, कारण ऑफिसच्या पॅन्टवर ते घालून हात वर केला की शर्टाचा चार बोटे पट्टा उघडा पडे. वडिलांची जुनी प्लीटची पॅन्ट सहज चढवून पाहिली आणि तेच जॅकेट जागेवर बसले.

तेव्हा आधी पॅन्ट शिवून घ्यावी. कमरपट्टीच्या वरच्या काठापासून दोन पायांच्या मधल्या शिवणीपर्यंतचे पुढील अंतर साधारण बारा इंच ठेवायला सांगावे. शिंपी ‘आता असे कोणी शिवत नाही’ म्हणेल, तरी आग्रह सोडू नये. पाय सरळ आणि ऐसपैस हवा. अमेरिकन सैन्याच्या खाकी सुती पॅन्टचे ट्विल (तिरप्या विणीचे कापड) चौरस यार्डाला ८.२ औंसांचे, म्हणजे चौरस मीटरला सुमारे २८० ग्रॅमचे असे. त्या वजनाचे निव्वळ सुती कापड आपल्याकडच्या हवेतही चालते. ताणले जाणारे कापड मात्र टाळावे, ते अंगावरून तसे सरळ खाली पडत नाही. (खाकी हा शब्द इंग्रजांनी आपल्याच उपखंडातून उचलला, एवढे जाता जाता.)

जॅकेटमध्ये पुण्या-मुंबईसाठी सर्जचा नाद करू नये. अमेरिकन सैन्याचे ‘एम-१९४१’ जॅकेट सुती असले तरी त्याला लोकरी अस्तर असे, म्हणून नकलेतही अस्तर कशाचे आहे हे विचारूनच घ्यावे. हेरिंगबोन ट्विलचे (नागमोडी रेघांच्या विणीचे), बिनअस्तराचे कामाचे जॅकेट येथे सर्वांत सोयीचे.

विक्रेत्याची पारख तपशिलांवरून होते. बॅटलड्रेसच्या सुरुवातीच्या नमुन्यात बटणे पट्टीखाली झाकलेली होती. पुढे युद्धकाळातील काटकसरीच्या नमुन्यात ती उघडी आली आणि खिशांवरच्या चुण्याही गेल्या. त्यामुळे उघडी बटणे आणि चुण्यांचे खिसे एकत्र दिसले, तर नक्कल करणाऱ्याने दोन नमुन्यांची खिचडी केली आहे असे समजावे. नागरी कपड्यांनाही काटकसरीचे नियम होतेच: ब्रिटनमध्ये १९४२ पासून १९४४ पर्यंत पुरुषांच्या पॅन्टला खाली दुमड घालण्यास बंदी होती, आणि लोक मुद्दाम लांब पॅन्ट घेऊन घरी दुमडत. आपल्या पॅन्टला दुमड हवी की नको ते आपण ठरवावे. हवी असल्यास दीड इंच पुरे, आणि त्यासाठीचे कापड कापण्यापूर्वीच धरायला सांगावे.