बेळगावात मराठी माध्यमात शिकून भौतिकशास्त्रातल्या ‘प्रकाश आणि पदार्थ’ या विषयातला प्राध्यापक होता येतं का?

होता येतं की! मी खानापूरकडचा, दहावीपर्यंत मराठी शाळा. अकरावीत ‘रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स’ म्हणजे आपला अपवर्तनांकच, हे कळायला मला पंधरा दिवस लागले. अडचण तेवढीच.

बी.एस्सी. बेळगावातच करा, उगाच बाहेर धावू नका. तिसऱ्या वर्षी जॅम ही एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा द्या, आयआयटीत एम.एस्सी. मिळते. पीएच.डी.साठी जेस्ट ही प्रवेश परीक्षा किंवा नेट-जेआरएफ, म्हणजे नेट परीक्षेतून मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती. बेंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत याच विषयाचा स्वतंत्र विभाग आहे. जेआरएफचे महिना ३७,००० रुपये मिळतात, घरी पैसे मागायला लागत नाहीत.

काम कसलं? रुबिडियम या धातूचे अणू लेसरने थंड करायचे, म्हणजे त्यांचा वेग कमी करून एका जागी अडकवायचे. ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा हा लेसरचा प्रकाश डोळ्यांना जेमतेम दिसतो, म्हणून तो पडला की चमकणारं कार्ड धरून किरण शोधावा लागतो. आरसे जुळवण्यात आठवडे जातात. मग एके रात्री कॅमेऱ्यात पांढरा ठिपका दिसतो. ते अडकलेले अणू! त्या दिवशी जेवण सुचत नाही.

पीएच.डी.ला पाच-सहा वर्षं, पुढे पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरचं तात्पुरतं संशोधनाचं काम, बहुधा परदेशात. कायम नोकरी लागेपर्यंत पस्तिशी येते, घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

नुसतं कॉलेजात शिकवायचं असेल तर एम.एस्सी. आणि नेट पुरतं. पण सीमाभागातल्या पोरांना एक गोष्ट उशिरा कळते: के-सेट ही कर्नाटकाची प्राध्यापक पात्रता परीक्षा कर्नाटकातच चालते, कोल्हापूरला महाराष्ट्राची सेट लागते. नेट दोन्हीकडे चालते, तीच काढा.