केस नंतर, आधी विहीर मोज

तुझा मेसेज वाचला. शेजारच्या बोअरवरून रोज टँकर भरून शहरात जातायत, गावाची विहीर तळाला गेली, आणि सिनियर म्हणतात १८८२ च्या सुखाधिकार कायद्याप्रमाणे जमीन ज्याची त्याचंच खालचं पाणी. तू याचिकेसाठी सुप्रीम कोर्टाचा कमल नाथ निकाल काढून बसलायस, नैसर्गिक संपत्तीचं सरकार फक्त विश्वस्त वगैरे. ठीक आहे रे, पण मोजमाप कुठंय?

प्लाचीमाडा पूर्ण वाच, केरळातल्या त्या गावातली कोकाकोलाच्या पाणीउपशाची केस. २००३ ला केरळ हायकोर्टाच्या एकलपीठाने भूजल जनतेचं म्हटलं, आपण सगळे तेवढंच कोट करतो. २००५ ला खंडपीठाने जमीनमालकाचा हक्क मानला आणि तज्ज्ञांच्या रिपोर्टवर कोकाकोलाला दिवसाला ५ लाख लिटरपर्यंत उपसा चालेल म्हणून सांगितलं. कारखाना पुढे चालला नाही ते आंदोलनाचं बळ, ते काही याचिकेला जोडता येत नाही.

म्हणून मोज. दोरीला वजन बांध, कठड्यावर चुन्याची खूण कर, रोज तिथूनच सोडायची, त्या बोअरचा पंप सुरू व्हायच्या आधी एकदा आणि बंद झाल्यावर एकदा, वहीत तारीख, वेळ, मीटर, मोजणाऱ्याची सही. टँकर किती गेले तेही त्याच पानावर. बहुतेक सरकारी निरीक्षण विहिरींचं रीडिंग वर्षातून चारदा, त्यात रोजचा उपसा दिसणार कसा? त्यात आपल्याकडचा बेसाल्ट, म्हणजे काळा खडक, पाणी भेगांतून चालतं, जवळची विहीर जशीच्या तशी आणि लांबची खाली जाते असंही होतं. समोरचा वकील विचारणारच की आमच्याच बोअरने आटली कशावरून, पाऊस कमी झाला असेल. पंप बंद की पाणी चढतं, सुरू की उतरतं, हे वहीत असलं की त्याला बोलायला जागा उरत नाही.

आणि जनहित तोही म्हणणार, शहरातली माणसं माणसं नाहीत का? आहेत ना. मग कुणाच्या पिण्याचं किती पाणी गेलं आणि कुणाला किती मिळालं ते मांड, नुसतं जनहित जनहित करू नकोस.

वही भरल्याशिवाय मी याचिका टाकत नाही म्हणून माणसं चिडली माझ्यावर, काही दुसऱ्या वकिलाकडे गेली. वाईट वाटलं, अजून वाटतं. पण आज कुणी आलं तरी मी हेच सांगेन, कारण निकालपत्रात कोर्ट तळमळ लिहीत नाही, पातळी लिहितं.

गावाला तोवर तहानेलं ठेवायचं नाहीये. २००९ चा महाराष्ट्र भूजल कायदा आहे, त्याखाली पिण्याच्या पाण्याचा स्रोत वाचवण्यासाठी अर्ज आजच दे आणि पोच घे. दोरी उद्या सकाळी सोड. पहिल्या आठवड्याच्या पानाचा फोटो पाठव, मग ड्राफ्टचं बोलू.