कापण्याआधी परत मोज

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. अणुभट्टीतून काढलेल्या त्या इंधन-सळईच्या गॅमा स्कॅनमध्ये विखंडनातून जन्मणारं सीझियम-१३७ एका जागी उसळलंय, धातूतले दोष विद्युतप्रवाहाने शोधणाऱ्या एडी करंटचा सिग्नल तिथे सपाट आहे, आणि वरून निरोप येतोय, "कापा आणि बघा."

कापू नकोस. आधी परत मोज.

एडी करंटला झिर्कलॉयचं, म्हणजे सळईवरच्या मिश्रधातूच्या नळीचं, आवरण दिसतं, आतलं इंधन नाही. मग दोघांत भांडण आहेच कुठे? सीझियम जन्मल्या जागी थांबत नाही. गरम भागातून निघून पेलेटच्या, म्हणजे इंधनाच्या वड्यांच्या, सांध्यांत, थंडाव्याला जाऊन बसतं. म्हणून सीझियमच्या ६६२ केईव्ही ऊर्जेच्या एकट्या गॅमा-रेघेवर निकाल द्यायचा नसतो, हे तुला मी सांगायला हवं होतं का? जागचं न हलणारं झिर्कोनियम-९५ बघ. त्याचं अर्धायुष्य ६४ दिवसांचं. सळई थंड करायच्या तलावात काही वर्षं राहिली असेल तर ते मिळायचं नाही. मग सिरियम-१४४ च्या ऱ्हासातून जन्मणाऱ्या प्रासिओडिमियमची २१८६ केईव्हीची रेघ शोध. तीही उसळली तर तिथे विखंडनच जास्त झालंय. एकटंच सीझियम उसळलं तर ते सरकून आलंय.

माझ्या हातून एकदा सळई वाया गेली. एडी करंटमध्ये ठसठशीत खूण होती. प्रमाण-नळी, म्हणजे यंत्र पडताळायची माहितीतल्या दोषांची नळी, सकाळी एकदाच चालवली होती, नंतर नाही. पकडीत सळई काही मिलिमीटर घसरली, मोजणीचं शून्य हललं, ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. शिशाच्या काचेतून मी पातं उतरताना बघत होतो. काप निघाला स्वच्छ, आणि दोष पात्याने खाल्लेल्या पट्टीत गेला. आतला वायूही सुटला. ती सळई पुन्हा स्कॅन करणं कुणालाच शक्य नव्हतं.

त्यानंतर मी प्रत्येक स्कॅनच्या आधी आणि नंतर प्रमाण-नळी चालवली. रखडवणारा म्हणाले, बढतीत मागे टाकलं. म्हणू देत. माझ्या हाताखाली त्यानंतर एकही सळई चुकीच्या जागी कापली गेली नाही, आणि हे मी आजही ताठ मानेने सांगतो.

तू हुशार आहेस, पण वरिष्ठांपुढे फार लवकर मान डोलावतेस. परत मोज म्हणजे तेच बटण परत दाब असं नव्हे. सळई ९० अंशांत फिरव, खालच्या टोकापासून चढव, शून्य नव्याने घे. दोन्ही वेळचं शून्य नोंदवहीत लिही आणि आलेख मला पाठव. तोवर करवतीची परवानगी सही न करता टेबलावर राहू दे.

तुझा,
जुना सहकारी