सशाची नसबंदी आहे, आदल्या रात्री उपाशी ठेवायचं का?

नाही, अजिबात नको. कुत्र्यामांजरांना भुलीत उलटी होऊ नये म्हणून उपाशी ठेवतात; सशाला उलटी होतच नाही. उलट पोट रिकामं राहिलं की आतड्यांची हालचाल मंदावते, आणि खरा धोका तोच. दवाखान्यात जातानाही गवत आणि आवडीचा पाला सोबत न्या.

घरी आणल्यावर टॉवेल अंथरा, भुसा टाक्यांना चिकटतो. वेदनाशामक सांगितलं तितके दिवस द्याच. दुखत असलं की ससा खात नाही, दात करकर वाजवत कोपऱ्यात आखडून बसतो. 12 तासांत खाल्लं नाही किंवा लेंड्या दिसल्या नाहीत, तर रात्र असली तरी डॉक्टरांना फोन करा.

आणि नर असेल तर 4 ते 6 आठवडे मादीपासून लांब; तोवर पिल्लं होऊ शकतात.